परक्या आभाळाखाली डोक्यावर काय असावे

आबा, तुमच्या पटक्यावरून आम्हा दोघा भावांत या वर्षी एक वाद झाला, आणि तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय निकाली निघणार नाही असे मला वाटते. तुम्ही असता तर दोन्ही बाजू ऐकून न घेताच निकाल दिला असता. ती तुमची पद्धत होती आणि तिच्यावर अपील नसे. तुम्हाला जाऊन मात्र आता इतकी वर्षे लोटली की तुमच्या निकालाचा अंदाजही मलाच बांधावा लागतो. म्हणून आधी विषय नेमका सांगतो, मग घडलेले सांगतो. विषय असा: परदेशी जाणाऱ्या पुरुषाला साधी कापडी हॅट शोभते की नाही? प्रश्न हलका वाटेल. मलाही तो हलकाच वाटला होता, आणि आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाने कोणताही प्रश्न हलका मानू नये हे मी या वयात पुन्हा शिकलो.

तुम्ही जिला पाहिले नाही ती तुमची नात, म्हणजे धाकट्याची मुलगी, नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमध्ये राहते. तिचे पहिले मूल पोटातच गेले. दुसरे सातव्या महिन्यात जन्मले. मुलगी, तुमची पणती. तिला रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवले होते आणि फोनवर दिसणारा तिचा हात धाकट्याच्या अंगठ्याएवढाही नव्हता. तुमची सून, धाकट्याची बायको, बाळंतपणासाठी आधीच तिकडे जाऊन राहिली होती. पोर पेटीतून बाहेर आली, घरी आली, जरा वजन धरले, तेव्हा सुनेने फोन करून धाकट्याला सांगितले, "आवं, बारसं धरलंय. दादास्नी घिऊन या. आन् येताना मामंजींचा पटका आणा. पोरीचं पयलं टोपरं त्यातनंच शिवायचं. हितं इकतचं कापड लय हाय, पर त्यात कुणाचं वय न्हाई."

हे वाक्य मी त्या दिवसापासून मनात घोळवतो आहे. तान्ह्या मुलाचे पहिले कापड पिकल्या माणसाच्या अंगच्या जुन्या कापडातून काढतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मी त्याचे कारण कापडाच्या मऊपणात शोधत आलो होतो आणि ते कारण पुरेसे आहे असे समजत होतो. कापडात वय असते, ते काढून दुसऱ्याला देता येते, ही कल्पना माझ्या पुराव्याच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

नातीने आम्हा दोघांसाठी दोन हॅट पाठवून दिल्या होत्या. खाकी, गोल, चहूबाजूंनी कडा लोंबणाऱ्या. तिकडे उन्हापेक्षा वारा आणि भुरभुर पाऊस फार, म्हणून. धाकटा म्हसवडहून माझ्याकडे सांगलीला आला तो तुमचा तांबडा पटका डोक्याला बांधूनच. तुमच्यामागे तो त्याच्याकडेच आहे. वर्षातून एकदा सिद्धनाथाच्या यात्रेला तो बांधतो, एरवी पांढरा. मेंढरे त्याने केव्हाच विकली, आता डाळिंबाची बाग करतो, पण डोके त्याने कधी उघडे ठेवले नाही. मी त्याच्या हातात हॅट दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "दादा, माझ्या डाळिंबातल्या बुजगावण्याला बी अशीच हाय. त्याला इचारून घिऊ का, शोभती का म्हणून?"

मी म्हणालो, "चेष्टा पुरे. पटका बॅगेत ठेव आणि ही घाल."

"ही घातली की मी पाचगणीत घोड्यावर बसून फोटू काढणाऱ्यासारखा दिसंन."

मग मी माझे मुद्दे रीतसर मांडले. प्रवासी माणसाने जिथे जायचे तिथल्या नजरेला खुपू नये. हॅट घडी होते, भिजली तर वाळते, हरवली तर दुःख होत नाही. विमानतळावर डोक्यावरचे सगळे तपासतात. इतका लांब पटका पाहून तुला बाजूला उभे करतील, सोडायला लावतील, चार माणसांत तुझी शोभा होईल. आणि पटका बॅगेतून गेला तरी पोहोचायचा तो पोहोचेलच. धाकट्याने सगळे ऐकून घेतले. तो तुमच्यासारखा नाही, ऐकून घेतो. मग म्हणाला, "तुमचं समदं खरं. पर पेटीतलं कापड मेल्यालं असतं, दादा. डोईवर असंल तर जितं. पोरीला जितं द्यायचंय. पटका डोईवर यीत नसंल, तर तुमी एकलं जावा. मी न्हाई येत."

त्याचे डोळे मी पाहिले. तो थट्टा करत नव्हता. स्वतःच्या ज्या तान्ह्या नातीचे तोंड पाहायला तो महिनोन् महिने तळमळत होता, तिच्याकडे न जाण्याची त्याची तयारी होती, पण तिच्याकडे मेलेले कापड घेऊन जाण्याची नव्हती. मी युक्तिवाद तिथेच थांबवला. हॅट मी घातली. आरशात पाहून म्हणालो, "मला तर अगदी बरोबर बसते."

इथे मला साताऱ्यातला एक दिवस आठवतो. मी कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो, आणि वादविवादाच्या स्पर्धेत मी असा पक्ष घेतला होता की डोके झाकण्याची रूढी निरर्थक आहे. जे झाकायचे ते डोक्याच्या आत असते. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मी पाहिले तर सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून, घोंगडे खांद्यावर आणि हाच पटका डोक्यावर, तुम्ही उभे होता. मेंढरे कोरेगावच्या बाजूला बसवून तुम्ही मला भेटायला चालत आला होता. सारे सभागृह तुमच्याकडे वळून पाहत होते, कारण माझ्या प्रतिपादनाचे सर्वांत मोठे खंडन तिथे उभे होते आणि ते एक अक्षर बोलत नव्हते. बाहेर आल्यावर तुम्ही मला बक्षिसाचा पेला दाखवायला सांगितलात, तो हातात घेऊन तोललात, आणि म्हणालात, "लय ब्येस बोललास. पर गड्या, सावलीत बोललास. ऊन कुटं हाय ते बघून बोलावं." एवढेच. मग तुम्ही गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवलीत आणि निघालात. राजवाड्याच्या चढावर तो तांबडा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो. तर्कशास्त्रात प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त असे अवयव मी शिकलो होतो; ऊन हा त्यातला कोणता अवयव, हे मला तेव्हा कळले नाही.

आता विमानतळाचे सांगतो. मुंबईत फारसे काही झाले नाही. आपल्याच लोकांनी हातातले यंत्र पटक्याभोवती फिरवले आणि जा म्हटले. विमान बदलायचे होते त्या परक्या विमानतळावर मात्र मी म्हटले तेच घडले. एका उंच, गोऱ्या अधिकाऱ्याने धाकट्याला बाजूला घेतले आणि पटका काढण्याची खूण केली. मी पुढे झालो. माझी हॅट मी आधीच काढून टोपलीत टाकली होती; ती यंत्रातून एका क्षणात पलीकडे गेली होती. मी इंग्रजीत बाजू मांडू लागलो: हे वस्त्र आहे, आमच्याकडे त्याचे एक स्थान आहे, हाताने तपासावे. अधिकारी सभ्य होता, पण ऐकत नव्हता. आमच्यामागे रांग तुंबली. मला जी भीती होती तीच समोर उभी राहिली आणि तिच्यापुढे माझ्या पन्नास वर्षांच्या वकिलीचे काही चालेना.

धाकट्याने माझ्या दंडाला हात लावला. "दादा, ऱ्हाऊ द्या. तो त्याचं काम करतूय. काढतो की. फकस्त खाली ठिवायचा न्हाई. तुमी धरा."

आणि त्याने पटका सोडायला सुरुवात केली. आबा, मी दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो आणि तो एकेक वेढा काढून माझ्या हातांवर घालू लागला. वरचे वेढे उन्हाने विटून विटकरी झालेले. मग आतले, जरा गडद. आणि सर्वांत आत, जे वेढे कपाळाला आणि केसांना लागून असतात आणि ज्यांना ऊन कधी दिसत नाही, ते निघाले तेव्हा मी पाहतच राहिलो. ते लालभडक होते. दुकानातून आणल्या दिवशी असतील तसे. तुम्ही तो पटका सातारा, कोरेगाव, वाई, सांगली अशा किती मुलखांतून उन्हापावसात नेलात, आणि आत हा रंग जसाच्या तसा होता. सगळ्यांना दिसणारा विटका आणि कुणालाच न दिसणारा तांबडा, एकाच डोक्यावर. अधिकाऱ्याने माझ्या हातांवरचे कापड यंत्राने तपासले, पण त्याला बोट लावले नाही. यंत्र त्याने दोन्ही हातांत धरले होते, जसे काही देवापुढे निरांजन धरतात. ही तुलना माझी आहे, त्याची नसेल. पण मी जे पाहिले ते असे पाहिले.

मग धाकट्याने तिथेच, आरशाविना, पटका परत बांधला. एक टोक दातांत, दुसरे माझ्या हातावरून सरकत येणारे, मान किंचित झुकलेली, आणि डावा हात कानामागून असा फिरत होता की मला त्या क्षणी त्याचा चेहरा दिसेना, तुमचाच दिसला. तुम्ही त्याला हे कधी शिकवले? मला शिकवले नव्हते. मी शिकायला थांबलोच नव्हतो. शेवटचे टोक खोचल्यावर तो म्हणाला, "चला दादा. तुमची टुपी तिकडं टोपलीत वाट बघाया लागलीय. एकलीच गेली बिचारी, कुणी इचारलं बी न्हाई तिला."

हे मी त्याला तेव्हा मान्य केले नाही, पण वादाचा निम्मा निकाल तिथेच लागला होता. माझी हॅट कुणालाही खुपली नाही, आणि कुणालाही काही सांगितले नाही.

तिकडे पोहोचल्यावर काही दिवस गेले. एका सकाळी नातजावई आम्हाला टेकडीवर घेऊन गेला. तिथे झाड नाही, घर नाही. फक्त गवत, खाली काळेशार पाणी, गवतावर मेंढरे, आणि वर एवढे मोठे आभाळ की आम्हा माण तालुक्यातल्यांनाही, ज्यांच्याकडे आभाळाखेरीज दुसरे काही उदंड नाही, छाती दडपावी. ते आभाळ सारखे हलत होते. काळे ढग, मध्येच उन्हाची तिरीप, परत काळे. तुम्ही म्हणत असा, मुलूख बदलला की आभाळ बी परकं, आणि परक्या आभाळाखाली माणसाच्या डोक्यावर आपलं कायतरी असावं. तुमचा परमुलूख कृष्णेच्या काठापर्यंतच होता, पण मला वाटते परकेपण तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळत होते; दरवर्षी बिऱ्हाड घोड्यावर घालून तुम्ही दुसऱ्याच्या रानात जाऊन राहत होता. मी हे मनात जुळवत असतानाच वाऱ्याचा एक झोत आला आणि माझी हॅट उडाली. ती गवतावरून गडगडत निघाली, मेंढरे उधळली, आणि तुमचा धाकटा मांडीवर हात मारत ओरडला, "दादा, पळा! बुजगावणं पळालं!" नातजावई धावत जाऊन घेऊन आला. मी म्हणालो, हॅट मी आदराने काढली होती, इकडच्या रीतीप्रमाणे.

बारशाच्या दिवशी सुनेने कात्री धुऊन, कुंकू लावून ठेवली होती. तुमची पणती मी प्रथमच हातात घेतली. आबा, माणूस एवढा लहान असतो आणि तरी पुरा असतो, हे मी वयाच्या पंचाहत्तरीत पाहिले. तिच्या टाळूवरची कातडी श्वासाबरोबर हलत होती. धाकट्याने पटका सोडला, आतला तांबडा भाग निवडून सुनेपुढे धरला आणि म्हणाला, "हितनं काप. ह्यो आबांच्या डोक्याला लागल्याला." सुनेने टोपरे तिथेच बसून हाताने शिवले. नातीने ते पोरीच्या डोक्यावर बसवले आणि नाडीची गाठ तिच्या आईने मारली. पोर रडली नाही. डोळे उघडून तिने वर पाहिले, कुठेतरी, माझ्या मागे. उरलेला पटका धाकट्याने घडी करून पाळण्यात तिच्या पाठीखाली घातला. मी म्हणालो, "अरे, सगळाच ठेवलास? परत जाताना काय बांधशील?"

"काय न्हाई."

"उघड्या डोक्याने गावात जाशील? लोक काय समजतील?" कारण आपल्याकडे त्याच्या वयाचा माणूस उघड्या डोक्याने दिसला तर घरात सुतक आहे असेच समजतात. मी त्याच्यापुढे दुसरी हॅट धरली, त्याच्या वाट्याची, जी अजून पिशवीत होती.

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. इचारू द्यात की लोकास्नी. तेवढंच सांगाय मिळंल."

तसाच तो आला. विमानात, मुंबईत, सगळीकडे उघड्या डोक्याने. त्याचे डोके वरून पांढरेफटक आहे आणि कपाळाखाली काळे, मध्ये पटक्याची रेघ. ती रेघ मी जन्मात प्रथम नीट पाहिली. मी त्याला पोहोचवायला म्हसवडपर्यंत गेलो. स्टँडवर उतरलो तर पारावर बसलेला एक म्हातारा, धाकट्याच्या शेजारच्या रानातला, काठी टेकत उठला. चेहरा उतरलेला. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "गड्या, डोकं उघडं? कोण गेलं रं?"

धाकटा हसला आणि म्हणाला, "गेलं न्हाई, आलंया."

आबा, आता मला दुसरा दिवस सांगायला हवा, जो तुमचा आहे आणि ज्याचा साक्षीदार फक्त मी आहे. सांगलीच्या बाजूला, कृष्णेकाठच्या एका उसाच्या रानात तुम्ही मेंढरे बसवली होती. मी शाळेच्या सुट्टीत तुमच्याबरोबर होतो. धाकटा तेव्हा जन्मला नव्हता. कडाक्याच्या थंडीत एका मेंढीला वेळेआधीच कोकरू झाले. ते ओले, लटपटते, आणि श्वास चालू आहे की नाही ते कळेना असे होते. तुम्ही क्षणाचाही विचार न करता डोक्यावरचा पटका सोडलात, त्यात ते कोकरू गुंडाळलेत, छातीशी बांधलेत आणि गरम दुधासाठी उघड्या डोक्याने मळेवाल्याच्या घराकडे निघालात. मी मागे धावत होतो. मी तुम्हाला त्याआधी कधी उघड्या डोक्याने पाहिले नव्हते आणि मला भीती वाटत होती. मळेवाल्याची बायको अंगण झाडत होती. तुम्हाला पाहून तिच्या हातातला खराटा गळाला. "आगं बाई, धनगरदादा, कोण गेलं वं?" आणि तुम्ही पटक्याची घडी जरा उघडून तिला ते ओले तोंड दाखवलेत आणि म्हणालात, "गेलं न्हाई बाई, आलंया."

तेच वाक्य. तुम्ही एकदा बोललेले पुन्हा बोलत नसा, आणि ते मीही कधी कुणाला सांगितले नव्हते. आई तेव्हा गावाकडे होती. धाकट्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता; मी सांगलीला परतताना आणि त्यानंतरही सगळे मार्ग तपासून पाहिले आहेत. योगायोग म्हणता येईल. न्यायालयात मी तेच म्हणालो असतो आणि कदाचित जिंकलोही असतो. पण सावलीत बोलायचे नाही असे तुम्ही सांगून ठेवले आहे, आणि त्या दुपारी म्हसवडच्या स्टँडवर ऊन होते. म्हाताऱ्याने धाकट्याचे दोन्ही हात धरले आणि पारावरच्या सगळ्यांना ओरडून सांगितले, "आरं, नात आलीया ह्याला! वाचली पोरगी!" मग त्याने स्वतःची टोपी काढून धाकट्याच्या उघड्या डोक्यावर ठेवली.

तेव्हा निकाल असा. परदेशी जाणाऱ्या पुरुषाला साधी हॅट शोभते. तिच्यावर कोणताही दोष सिद्ध होत नाही. पण तिच्याखालचे डोके उघडे पडले तर कोणी काठी टेकत उठून येत नाही. माझे डोके मी तरुणपणीच उघडे केले, सगळ्या सांगलीला ते तसेच माहीत आहे, आणि मी आज उघड्या डोक्याने कितीही हिंडलो तरी, कोण गेले आणि कोण आले, हे मला विचारायला कोणी थांबणार नाही. ही तक्रार नाही. आपण जे झाकतच नाही, ते उघडे असण्याला अर्थ उरत नाही, एवढेच नोंदवतो.

धाकट्याला मी त्या वाक्याचे अजून सांगितलेले नाही. सांगितले तर पुढे तो ते तुमचे म्हणून बोलेल, आणि सध्या ते त्याचे आहे. काल फोनवर पोर दिसली. टोपरे तिला घट्ट होऊ लागले आहे. सून म्हणत होती की आता दुसरे कापावे लागेल, पटका उरला आहे पुष्कळ.

हे पत्र कुठे पाठवायचे हा प्रश्न उरत नाही, पण ठेवायचे कुठे याची सोय मी केली आहे. आबा, ती हॅट मला एक बोट मोठी आहे. पहिल्या दिवसापासून आहे. आरशात पाहिले तेव्हाच कळले होते. सगळ्यांना मी बरोबर बसते म्हणून सांगितले, आणि प्रवासभर आतून वर्तमानपत्राची घडी घालून ती वापरली. त्या टेकडीवर ती घडी निसटली होती. आता कृष्णेच्या घाटावर फिरायला जाताना मी हॅट घालतो, आणि हा कागद त्या घडीच्या जागी बसेल असा दुमडतो आहे.